त्याने ते मराठीत विचारलं

पत्र:

नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, गेली सतरा वर्षं अमेरिकेतल्या युटा राज्यात लीहाय शहरात राहतो. धाकट्याचे शाळेतले जवळजवळ सगळे मित्र मॉर्मन, म्हणजे तिथल्या एका ख्रिस्ती पंथाचे. सतराव्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. घरात महिनाभर वाद झाले, शेवटी आम्ही दोघांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. आता एकोणिसाव्या वर्षी तो दोन वर्षांच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, फिलिपिन्सला गेलाय, मनिलाच्या दक्षिणेला लगुना प्रांतात. जाऊ नको म्हणून मी त्याच्या हातापाया पडले होते. ऐकलं नाही. खर्चाचे पैसेसुद्धा त्याने बर्गरच्या दुकानात काम करून साठवले.

आता पाचवा महिना चालू आहे. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल येतो. वाळलाय. आमच्याशी एरवी इंग्रजीतच बोलतो. पण गेल्या रविवारी बोलता बोलता एकदम मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "आई, मी आत्ता घरी आलो, तर तुला लाज वाटेल?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढा हट्ट करून गेलास ना, मग आता पूर्ण करूनच ये." तो 'ओके' म्हणाला आणि हवापाण्याचं बोलायला लागला.

तेव्हापासून मला झोप नाही. हे म्हणतात, तू बरोबर बोललीस, हाती घेतलेलं काम अर्ध्यावर टाकू नये. सांगलीहून माझी आई विचारते, नातू साधू झाला का? येत्या रविवारी मी त्याच्याशी काय बोलू?

– एक आई, लीहाय

उत्तर:

ताई,

रविवारी त्याचा चेहरा दिसला की जेवणखाण, तब्येत काहीही विचारायच्या आधी एवढं म्हणा: "गेल्या वेळी तू विचारलंस ना, लाज वाटेल का? नाही वाटणार. राहिलास तरी नाही, आलास तरी नाही. मी घाईत चुकीचं बोलले." एवढं म्हणा आणि गप्प राहा. तो लगेच काही बोलणार नाही कदाचित. स्क्रीनवरची शांतता फार लांब वाटते, पण ती तुम्ही भरू नका.

आणि हे मराठीतच म्हणा. का, ते सांगते.

मिशनवरची मुलं एकटी नसतात. दोघादोघांच्या जोड्या असतात आणि जोडीदाराच्या नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात राहायचं, असा नियमच आहे. झोपायची खोली एक, रस्ता एक, ज्या घरी जायचं ते घर एक. अंघोळ सोडली तर दिवसात एकांत म्हणून काही मिळत नाही. म्हणजे तुमच्या मुलाने फोन केला, तेव्हा त्याचा जोडीदार हाताच्या अंतरावर बसलेला असणार. त्याला इंग्रजी कळतं, तिथली तगालोग भाषा कळते. मराठी कळत नाही. एकोणीस वर्षांच्या त्या मुलाने विचार करून, शब्द जुळवून, त्या खोलीत फक्त त्याची आणि तुमचीच असलेली भाषा काढली. तुमचं पत्र वाचताना मी त्या ओळीवर थांबले आणि बराच वेळ पुढे जाऊ शकले नाही.

दुसरी गोष्ट, त्याने हे तुम्हाला विचारलं. मी ओरेमला अकरा वर्षं काढली, तुमच्यापासून अर्ध्या तासावर, त्यामुळे तिथली हवा मला माहीत आहे. मुलगा निघण्याआधी चर्चमध्ये त्याचं भाषण होतं, सगळा वॉर्ड, म्हणजे त्या वस्तीतली चर्चची मंडळी, ऐकायला येतो. कित्येक ठिकाणी दाराशीच्या भिंतीवर मिशनवर गेलेल्यांचे फोटो असतात. मित्र, मित्रांचे आईवडील, बिशप, सगळे त्याच्यावर मनापासून माया करतात आणि त्या प्रत्येकाची इच्छा एकच, त्याने चोवीस महिने पूर्ण करावेत. त्या गर्दीत असं एकच माणूस आहे ज्याला त्याने जावं असं कधी वाटलंच नव्हतं. तुम्ही. परत यायचा विचार बोलून दाखवायला त्याला तुमच्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. तुम्ही त्या समाजाच्या बाहेरच्या आहात, याचं तुम्हाला दोन वर्षं दुःख होतंय. त्याच्यासाठी मात्र गेल्या रविवारी तोच आधार होता.

हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. तुमच्या तोंडून ते का गेलं, तेही कळतं. आपण नको नको म्हणालो, तरी तो गेला, आणि आता चार महिन्यांत परत आला तर मग एवढं सगळं कशासाठी झालं? तुमच्या रडण्याची, त्या सह्यांची काही किंमत राहावी, असं कुठेतरी वाटलं असेल. पण त्याने विचारलं होतं लाजेबद्दल, आणि तुम्ही उत्तर दिलंत कामाबद्दल. ते रविवारी दुरुस्त करायचं, एवढंच.

ओरेमला आमच्या दोन घरं पलीकडचा एक मुलगा सात महिन्यांत परत आला होता. तिथे पूर्ण करून येणाऱ्यांसाठी विमानतळावर अख्खी कुटुंबं फुगे आणि फलक घेऊन उभी असतात, तुम्ही सॉल्ट लेकला पाहिलंच असेल. या मुलाला आणायला वडील एकटेच गेले. मग त्या घराचे पडदे बंद. मी वाट पाहिली, मग एका संध्याकाळी डब्यात शिरा घेऊन दार वाजवलं. त्याच्या आईने दार उघडलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, "तू पहिलीच." नऊ दिवस झाले होते. लोक वाईट नव्हते हो. काय बोलायचं, ते कुणाला सुचत नव्हतं. मुलगा आत जिन्यावर बसलेला दिसला. मी त्याला मिशनबद्दल एक अक्षर विचारलं नाही, शिरा गोड जास्त झालाय का, तेवढं विचारलं. तो वाटीभर खाऊन म्हणाला, नाही, बरोबर आहे. तो मुलगा आता दोन मुलांचा बाप आहे. त्याची आई आजही मला नाताळला पत्र पाठवते.

आता त्याच्या दिवसाबद्दल. तुम्ही त्याच्या धर्माशी दोन वर्षं भांडताय, पण त्याचा दिवस कसा जातो हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही.

हिशेब करू. भाषा शिकायला प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात साधारण सहा आठवडे गेले असतील. घरापासून अर्ध्या तासावर, तरी तुम्हाला भेटता आलं नसणार. मग फिलिपिन्सला पोचल्यावर पहिले बारा आठवडे एक अनुभवी जोडीदार, त्याला शिकवणारा. हे झाले अठरा आठवडे. तिथे साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची वेळ येते. म्हणजे पाचव्या महिन्यात, अगदी याच सुमाराला, शिकवणारा जोडीदार जाऊन नवा आलेला असण्याची शक्यता बरीच आहे. ज्याच्यासोबत चोवीस तास काढले, तो गेला, आणि अनोळखी मुलाबरोबर पुन्हा पहिल्यापासून. त्याला आधी 'जोडीदार बदलला का रे' एवढं विचारून पाहा. कित्येकदा घरी यावंसं वाटण्याचं मूळ इतकं जवळ असतं.

सकाळी साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग अभ्यास, मग बाहेर. रात्री साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून वेळापत्रक थोडं सैल झालं, पण चौकट तीच. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मुलींशी मैत्री नाही, गाणी फक्त चर्चला चालतील तीच. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर 'एल्डर', म्हणजे मिशनवरच्या मुलांची पदवी, आणि पुढे आडनाव. पहिलं नाव दोन वर्षं कुणी घेत नाही. घाम निथळत असताना पांढऱ्या शर्टात गल्ल्या हिंडायच्या आणि परक्या भाषेत अनोळखी लोकांना देवाबद्दल विचारायचं. बहुतेक वेळा उत्तर 'नको' असंच येतं. एकोणिसाव्या वर्षी इतका नकार मी तरी पचवला नसता.

हे नियम मला स्वतःला फार कडक वाटतात, ते लपवत नाही. पूर्वी तर घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. माझी ओरेमची एक मैत्रीण मे महिन्यातल्या त्या एका फोनसाठी सकाळपासून स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची. फेब्रुवारी २०१९ मध्ये चर्चने दर आठवड्याला बोलायची मोकळीक दिली. त्यांचा सुट्टीचा दिवस, ज्याला ते पी-डे म्हणतात, बहुतेक ठिकाणी सोमवार असतो. कपडे धुणं, बाजार, घरच्यांशी बोलणं, सगळं त्यात उरकायचं. तुमचा रविवार संध्याकाळी सात म्हणजे उन्हाळ्यात त्याचा सोमवार सकाळी नऊ. हिवाळ्यात तास मागे गेले की तुमचे सहा. सगळा आठवडा संपवून तो जो पहिला मोकळा तास मिळतो, तो तुम्हाला देतो. त्या तासाचं कोर्ट करू नका. बाप्तिस्मा बरोबर की चूक, हे तुम्हाला बोलायचं असेल तर बोला, तुमचा हक्क आहे, पण तो घरात समोर बसलेला असताना.

'ब्रेनवॉश' हा शब्द तुम्ही लिहिला नाहीत, पण तो तुमच्या घरात नक्की बोलला गेला असेल. अमेरिकेतून जाणाऱ्यांना मिशनसाठी २०२० पासून महिना ५०० डॉलर भरावे लागतात, म्हणजे चोवीस महिन्यांचे १२ हजार. ज्या मुलाने तेवढे बर्गर भाजून साठवले, त्याला आपण काय करतोय हे कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. तो स्वतः ठरवून गेला. आणि ठरवून गेलेल्या माणसाला मन बदलायचाही हक्क असतो.

इथे तुमच्या यजमानांचा मुद्दा येतो. काम अर्ध्यावर टाकू नये, हे पोरगा दहावीचा क्लास सोडत असेल तर ठीक आहे. पण ही नोकरी नाही, श्रद्धेपोटी केलेली सेवा आहे. मन नसताना ती ओढत नेणं त्याच्याच धर्माला तरी कसं चालेल? त्यांना सांगा, रविवारी तुम्ही बोलून झाल्यावर त्यांनीही तेच वाक्य म्हणावं. वडिलांच्या तोंडून ते मुलाला जास्त लागतं.

आता सावधगिरीचं. घरची आठवण येणं वेगळं आणि आजार वेगळा. आठवण लाटेसारखी येते जाते, मध्ये तो हसतो, काहीतरी गंमत सांगतो. पण झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, रोज रडू येत असेल, छाती धडधडत असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर तो आजार आहे. त्यावर 'प्रार्थना कर', 'मन रमव' हे उपाय नाहीत. सरळ विचारा, मराठीत: "जगावंसं वाटत नाही, असं कधी मनात येतं का?" विचारल्याने तसं काही सुचत नाही, उलट सांगायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं, किंवा टाळलं, तर पुढच्या रविवारची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी मिशन प्रेसिडेंटच्या कार्यालयात फोन करायचा आणि डॉक्टरची मागणी करायची. प्रत्येक मिशनवर प्रेसिडेंट आणि त्यांची पत्नी असं एक दांपत्य साधारण तीन वर्षांसाठी नेमलेलं असतं, मुलांची काळजी ही त्यांची जबाबदारी. मानसिक आरोग्याचे सल्लागारही चर्चने ठेवलेले आहेत. आपण त्यांच्यातल्या नाही, म्हणून संकोच करू नका. आई आहात, तेवढं पुरे.

आणि परत यायचंच ठरलं, तर त्याला हेही माहीत असू द्या की सगळं संपलं असं होत नाही. घरी राहून अन्नछत्रात, दवाखान्यात वगैरे सेवा करायची 'सर्व्हिस मिशन' असते, लवकर परतलेल्या कित्येक मुलांना ती मिळते. किंवा तो ती नाही करणार, कॉलेजला जाईल. ते त्याचं तो ठरवेल. तुम्ही मात्र एक पथ्य पाळा, तो आलाच तर 'मी सांगत होते' हे तीन शब्द जन्मात उच्चारू नका. विमानतळावर दोघंही जा. पडदे उघडे ठेवा.

सांगलीच्या आजींना सांगा, साधू नाही झाला. दोन वर्षांनी परत येईल, शिकेल, लग्नही करेल. त्यांच्यात ब्रह्मचर्याचं कौतुक नाही, उलट लग्न लवकर करतात. आजींना समजेल असं सांगायचं तर पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे ना, तशी ही मुलंही अधूनमधून तिथल्या लोकांच्या घरी मायेने जेवतात. आणि हेही सांगा की फिलिपिन्सच्या गल्ल्यांतली पोरं सध्या तिच्या जावयाचं आडनाव हाका मारून घेतायत.

तो राहिला तर बदलेल. पाच महिन्यांत बदललाच असेल. पण तुम्हाला वाटतं तितका तो परका होत नसावा. लगुनासारख्या भागात कित्येक घरांत शॉवर नसतो, बादली आणि 'ताबो' असतो, म्हणजे आपला तांब्या. युटात वाढलेला तुमचा मुलगा त्याचे आजोबा सांगलीत जशी अंघोळ करायचे तशी करत असेल. तिथे मोठ्यांशी बोलताना वाक्यात 'पो' घालतात, आपल्या 'अहो'सारखं. घरात शिरल्यावर वडीलधाऱ्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावतात, त्याला 'मानो' म्हणतात. ज्या मुलाला तुम्ही दिवाळीला 'वाक, वाक' म्हणून मानेला धरून नमस्कार करायला लावला असेल, तो आता परक्या आज्यांपुढे रोज आपणहून वाकतोय. त्याला विचारा, तगालोगमध्ये शिक्षकाला काय म्हणतात? 'गुरो'. चेहऱ्याला? 'मुखा'. आशेला? 'पाग-आसा', त्यातला 'आसा' म्हणजे आपली आशा. हे शब्द शेकडो वर्षांपूर्वी संस्कृतातून तिकडे गेलेले आहेत. त्याने ते बहुधा नवे म्हणून पाठ केले असतील, तुमच्या घरात ते रोज ऐकत होता हे त्याला कुणी सांगितलंच नसेल.

चहाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मॉर्मन झालेल्या प्रत्येक मराठी मुलाच्या आईच्या मनात तो सल असणार. पाचचा चहा सोडला की घरातली एक जागाच रिकामी होते. त्यांना चहाच्या पानांचा चहा चालत नाही, कॉफी चालत नाही. पण गवती चहा, आलं, गूळ उकळून पावडर न घालता दिलेला काढा चालतो. तिकडे आल्याच्या काढ्याला 'सालाबात' म्हणतात, घसा बसला की लोक तो पितात. त्याला विचारा, प्यायलास का. तो परत येईल तेव्हा, सहा महिन्यांनी किंवा दीड वर्षाने, पाच वाजता त्याच्यापुढे एक कप यायला हवा. तुमच्यात आणि त्याच्यात तो कप ठेवायला जागा आहे.

रविवारच्या आधी एक काम करा. तुमच्याकडच्या एखाद्या एशियन दुकानात जा, फ्रीजरमध्ये 'मालुंगाय' लिहिलेलं पाकीट मिळेल. उघडलंत की ओळखाल, शेवग्याची पानं. तिकडे ती कोंबडीच्या रश्शात घालतात, तिनोला म्हणतात त्याला. त्याने ती खाल्लीच असणार आणि हे आपल्याकडचं झाड आहे, हे त्याला ठाऊक नसणार. लाजेचं ते वाक्य बोलून झालं, तो गप्प राहून झाला, त्याला जे सांगायचं ते सांगून झालं, की फोन ओट्याकडे वळवा. कांदा परता, पानं टाका, मूठभर भिजलेली मूगडाळ टाका. आणि त्याला विचारा, तुझ्याकडे ही कशी करतात रे? मराठीत सांग.